ऑक्सिमीटरवर ९७

२०२१ चा एप्रिल महिना. भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावी आलेली. आठवा महिना सरत आलेला. घरातल्या दोघांना ताप येऊन गेला होता आणि तिलाही दोन दिवसांपासून कणकण होती. गावात कुणीतरी नांदेडहून ऑक्सिमीटर आणला होता, तो या घरातून त्या घरात फिरायचा. रोज संध्याकाळी ताईचा फोन यायचा, आकडा सांगायला.

"सत्त्याण्णव दाखवायलंय. मग घाबरायचं काय?"

मी विचारलं, एचबी किती आहे तिचं?

पलीकडं सगळं शांत. मग कार्डाची शोधाशोध सुरू झाली. माता-बाल संरक्षण कार्ड राहिलं होतं उदगीरला, सासरच्या कपाटात. जावयानं रात्री त्याचा फोटो पाठवला. एचबीच्या रकान्यात शेवटची नोंद डिसेंबरची होती: ८.२. त्यानंतरचे रकाने कोरे. लोहाच्या लाल गोळ्या मिळाल्या होत्या, पण पोटात मळमळतंय म्हणून त्या डब्यातच राहिल्या होत्या. आणि साथीत कशाला दवाखान्यात जायचं म्हणून तपासण्याही राहिल्या होत्या.

ऑक्सिमीटर खोटं बोलत नव्हता, पण त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा होता. आपल्याकडं गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं चाललेल्या सगळ्यांनी पाहिल्यात. समजा निघालेल्या दर शंभर ट्रॉल्यांमागं ९७ खच्चून भरलेल्या आहेत. पण मुळात निघायला हव्या होत्या १२० आणि निघाल्या ८०, तर कारखान्यात ऊस कमीच पोचणार. रक्तातलं हिमोग्लोबिन, म्हणजेच एचबी, याच त्या ट्रॉल्या. ऑक्सिमीटर सांगतो तो ट्रॉल्या किती भरल्यात याचा हिशोब. ट्रॉल्या आहेत किती, हे त्याला कळतच नाही. एचबी १२ असलेल्या बाईच्या बोटावर ९७ आणि ८ असलेल्या बाईच्या बोटावर ९७, यंत्राला दोघी सारख्याच. दुसरीच्या रक्तात मात्र प्राणवायू पहिलीपेक्षा एक तृतीयांशानं कमी असतो. एरवी हृदय जोरात पळून ही तूट भरून काढतं. पाणी भरणं, भाकरी थापणं, शेतात जाणं सगळं चालू राहतं, आणि घरच्यांना वाटतं पोरगी धडधाकट आहे. न्यूमोनिया झाला की मात्र शिल्लक काही उरत नाही.

त्यात गरोदरपणानं शरीराचं गणित आधीच बदललेलं असतं. वाढलेलं गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलतं, त्यामुळं श्वास सोडल्यावर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते. दुसरीकडं प्राणवायूची गरज सुमारे २० टक्क्यांनी वाढते. म्हणजे खर्च वाढला आणि घरातली शिल्लक घटली. रक्त गोठण्याची प्रवृत्तीही या काळात जास्त असते आणि कोविडही रक्ताच्या गुठळ्या करतो, ही दुहेरी अडचण. म्हणून गरोदर स्त्रीच्या बाबतीत डॉक्टर ९५ च्या खाली आकडा गेला की वाट पाहत नाहीत. इतरांना घरी पालथं झोपवून पाहण्याचा जो सल्ला त्या उन्हाळ्यात मोबाइलवर फिरत होता, तो पोट वाढलेल्या बाईसाठी नव्हताच. केंद्राच्या पत्रकातही गरोदरपणात पालथं झोपणं टाळा असं लिहिलेलं होतं. तिनं डाव्या कुशीवर झोपायचं. पाठीवर झोपलं तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि हृदयाकडं परत जाणारं रक्त अडतं.

हे काही नव्यानं कळलेलं नाही. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची जी जागतिक साथ आली, तिला आपल्या आज्या-पणज्या 'मानमोडी' म्हणायच्या. हिंदुस्थानात तिनं कोटीहून अधिक माणसं नेली. तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होतं आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक गाव. इथल्या बाळंतिणींचा हिशोब कुणी ठेवल्याचं मला माहीत नाही, पण अमेरिकेत त्या साथीत आजारी पडलेल्या १,३५० गरोदर स्त्रियांची नोंद १९१९ मध्ये छापून आली: त्यातल्या २७ टक्के दगावल्या. न्यूमोनिया झालेल्यांत तर निम्म्याहून जास्त. पुढं २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर स्त्रिया जेमतेम एक टक्का होत्या, आणि त्या साथीतल्या मृत्यूंत त्यांचा वाटा सुमारे पाच टक्के. विषाणू बदलले, पण बाईच्या फुप्फुसाचं आणि पोटाचं नातं तेच राहिलं.

कोविडच्या वेळी मात्र महाराष्ट्रानं एक चांगलं काम केलं, ज्याचं कौतुक फारसं झालं नाही. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतले डॉ. राहुल गजभिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रेगकोविड' नावाची नोंदवही उघडली. मार्च २०२० ते जानेवारी २०२१ या काळात राज्यातल्या १९ कोविड रुग्णालयांतून ४,२०३ गरोदर आणि बाळंत स्त्रियांची माहिती तिच्यात जमा झाली. त्यातल्या फक्त ५३४ जणींना, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांना, लक्षणं होती. बाकीच्यांना काहीच होत नव्हतं. दवाखान्यात आल्यावर तिथल्या तपासणीत पॉझिटिव्ह निघाल्या. ताप-खोकला नाही म्हणजे आपल्या सुनेला काही नाही, असं जे घरोघर धरून चाललं होतं, त्याला हा आकडा पुरेसं उत्तर आहे.

बाळंत झालेल्यांपैकी सुमारे १६ टक्के जणी दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत झाल्या. दहातल्या एकीला रक्तदाबाचा त्रास. १५८ जणींना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं आणि ३४ दगावल्या. विभागवार पाहिलं तर मराठवाड्यातल्या ३५१ पैकी ४, म्हणजे १.१ टक्के, पुणे विभागातही १.१, विदर्भात ०.८ आणि मुंबई महानगरात ०.७. चार मृत्यूंवरून मराठवाड्याबद्दल मोठा निष्कर्ष काढणं बरोबर नाही, एक कमी किंवा एक जास्त झाला तरी टक्का हलतो. शिवाय नोंद झाली ती रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांचीच. मला त्या अहवालातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मृत्यूंशी जोडलेले आढळलेले आधीचे आजार कोणते? रक्तक्षय, क्षयरोग आणि मधुमेह. हे तिन्ही आजार साथीच्या आधीपासून घरात होते. तिन्हींची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे बाकावर शेजारी बसलेल्या दोघींपैकी जवळपास एक. आपल्या भागात याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. लवकर लग्न, दोन बाळंतपणांत कमी अंतर, सगळ्यांनी जेवल्यावर उरलंसुरलं जेवणं, जंत, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा. चहातल्या टॅनिनमुळं अन्नातलं आणि गोळीतलं लोह आतड्यात नीट शोषलं जात नाही. गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवा, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्या. बहुतेकींचं एवढ्यानं भागतं. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी हा सरकारी हिशोब आहे. तांदुळजा, हरभऱ्याची भाजी, तुरीचं वरण, शेंगदाणे हे सगळं चांगलंच, पण एचबी आठवर आलं असेल तर नुसत्या गूळ-शेंगदाण्यानं ते दोन महिन्यांत अकरावर जात नाही. तिथं औषधच लागतं, कधी शिरेतून द्यावं लागतं.

दुसरी लाट किती वेगळी होती, हेही याच नोंदवहीनं दाखवलं. जून २०२१ मध्ये पहिल्या लाटेतल्या १,१४३ आणि दुसऱ्या लाटेतल्या ३८७ स्त्रियांची तुलना प्रसिद्ध झाली. लक्षणं असलेल्यांचं प्रमाण १४.२ वरून २८.७ टक्क्यांवर गेलं, आणि मृत्यूचं ०.७ वरून ५.७ वर. नांदेडकरांना हा काळ आठवत असेल. २५ मार्च ते ४ एप्रिल २०२१ जिल्ह्यात संपूर्ण टाळेबंदी होती, आणि मार्चअखेर देशात सर्वाधिक उपचाराधीन रुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांत पुणे-मुंबईच्या पंगतीत नांदेडचं नाव होतं. पहिल्या वर्षी हाच जिल्हा २२ एप्रिलपर्यंत एकाही रुग्णाविना होता.

आणि याच महिन्यांत गरोदर स्त्रियांना लस नव्हती. १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं तेव्हा त्यांना वगळलं, कारण लसीच्या चाचण्यांतून त्यांना वगळलेलं होतं. स्तनदा मातांना मे महिन्यात परवानगी मिळाली आणि गरोदर स्त्रियांना २ जुलैला, लाट ओसरल्यावर. अमेरिकेत डॉक्टरांशी बोलून लस घेण्याची मुभा डिसेंबर २०२० पासूनच होती. चाचणीत घ्यायचं नाही, आणि चाचणीत नव्हत्या म्हणून लस द्यायची नाही, हा न्याय काळजीपोटी आलेला असेल. त्याची किंमत मात्र ज्यांची काळजी होती त्यांनीच मोजली. पुढच्या साथीत हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला गेला पाहिजे. आईनं घेतलेल्या लसीची प्रतिद्रव्यं वारेतून आणि दुधातून बाळाला मिळतात. धनुर्वाताचं इंजेक्शन गरोदरपणात देण्यामागं हेच तत्त्व आहे, आणि ते आपल्याकडं कुणी नाकारत नाही.

साथीचा दुसरा घाव विषाणूशिवायच बसतो. २०२१ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. साथीच्या काळात पोटातच मूल दगावण्याची शक्यता सुमारे २८ टक्क्यांनी आणि आई दगावण्याची एक तृतीयांशाहून जास्त वाढलेली दिसली, आणि हा फटका मुख्यतः गरीब-मध्यम देशांना बसला. सगळ्याच काही कोविडनं गेल्या नाहीत. कुणाची तपासणी चुकली, कुणाला गाडी मिळाली नाही, कुणी भीतीनं घरीच थांबलं.

आमच्याकडंही तेच होणार होतं. भाचीला घेऊन निघालो तर पहिल्या खासगी दवाखान्यानं रिपोर्टशिवाय आत घेतलं नाही. टाळेबंदी, रस्त्यात नाका, हातात कार्डाचा फक्त फोटो. दुसरीकडं एका डॉक्टरबाईंनी गेटपाशीच गाडीत बसल्या जागी रक्तदाब पाहिला, बोटातून रक्त घेतलं. एचबी ७.६. कोविडचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण छाती साफ होती. ताप उतरून आठवडा उलटल्यावर शिरेतून लोह दिलं. मे महिन्याच्या अखेरीस ती बाळंत झाली, रक्ताची एक पिशवी लागली. ती पिशवी आधीच सांगून ठेवली होती म्हणून मिळाली.

अंतर ही आपल्याकडची खरी गोष्ट आहे. किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरहून लांब. अवघड बाळंतपण शेवटी विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत येऊन पडतं. देगलूर, बिलोलीची माणसं एरवी निजामाबादला जातात, उदगीर-देवणीची बीदरला. साथीत राज्याच्या सीमेवर नाके बसले आणि ती वाट बंद झाली. म्हणून तारीख जवळ आली की चार गोष्टी आधी ठरवून ठेवाव्या लागतात: कोणत्या दवाखान्यात जायचं, तो बंद असेल तर दुसरा कोणता, गाडी कुणाची, आणि रक्त द्यायला कोण येणार. १०२ ची गाडी गरोदर बाईला नेण्या-आणण्यासाठी फुकट आहे, तातडीला १०८ आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त या कशालाच पैसे लागत नाहीत. आदिवासी भागांसाठी माहेरघर योजना आहे. तारखेच्या काही दिवस आधी बाईनं आरोग्य केंद्राजवळच राहायला यायचं.

आता घरातलं. आपल्याकडं बाळंतिणीनं सव्वा महिना खोलीबाहेर पडायचं नाही, ही रीत साथीच्या दिवसांत तशी सोयीची. पण रीत अर्धीच पाळली जाते. बाळंतीण आत बसते आणि सगळं गाव आत येतं. पाचवीला बायका, बारशाला भावकी, झबलं-टोपडं घेऊन येणारी प्रत्येक मावशी बाळाचा मुका घेते. खोलीला खिडकी असेल तर बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून तिच्यात बोळे कोंबलेले, आत शेगडी, ओवा-शेपाची धुरी. हवेतून पसरणाऱ्या आजारासाठी याहून बरी जागा नाही. खिडकी उघडा. बाळंतिणीला ऊब हवी तर पांघरूण द्या, शेगडी बाहेर ठेवा. डोहाळजेवणाचा हट्ट धरायचाच असेल तर अंगणात, घरच्या चार माणसांत करा.

हात धुण्याबद्दल लातूरकरांना उपदेश करताना जरा जपूनच बोलावं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर. कोविडच्या सुरुवातीला भाज्या, दुधाच्या पिशव्या, दाराच्या कड्या धुण्यात घागरीच्या घागरी गेल्या. पुढं कळलं की हा विषाणू मुख्यतः श्वासातून पसरतो. तेव्हा पाणी राखून ठेवा ते जेवणाआधी, शौचानंतर आणि बाळाला घेण्याआधी हात धुण्यासाठी, आणि बाकीची मेहनत मास्क आणि मोकळ्या हवेवर खर्च करा. आई पॉझिटिव्ह असली तरी बाळाला अंगावर पाजावं, मास्क लावून, हात धुऊन. जागतिक आरोग्य संघटनेनं हे सुरुवातीपासून सांगितलं. अशा माता थोड्याथोडक्या नव्हत्या: मुंबईच्या नायर रुग्णालयात मे २०२१ पर्यंत १,००१ कोविडबाधित माता बाळंत झाल्या आणि १,०२२ बाळं जन्मली. एक तिळं आणि १९ जुळी.

काढ्याचं काय, हा प्रश्न हमखास येतो. घोटभर सुंठ-तुळशीच्या पाण्यानं काही बिघडत नाही. पण त्या वर्षी काही घरांत दिवसातून तीन-तीन पेले काढा चालला होता, भरपूर ज्येष्ठमध घालून. ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढतो, आणि गरोदरपणात तो आधीच नाजूक विषय. गावातल्या एखाद्या पेशंटची चिठ्ठी दाखवून औषधं आणण्याचा प्रकार तर फारच घातक. तेव्हा सर्रास लिहिली गेलेली फॅविपिराविरची गोळी गरोदरपणात वर्ज्य आहे, डॉक्सिसायक्लिनही टाळतात. तापाला पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, नकोत. छातीचा सीटी स्कॅन डॉक्टरांनी गरज म्हणून सांगितला तर बाळाच्या भीतीनं नाकारू नये, त्यातून बाळापर्यंत पोचणारे किरण अगदी थोडे असतात. मात्र स्वतःहून, नुसतं बघून येऊ म्हणून तो करायचाही नसतो.

साथ कोणतीही असो, काही खुणा दिसल्या की थांबायचं नाही: बाळाची हालचाल मंदावणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, जोराची डोकेदुखी, डोळ्यापुढं अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटका, बोलताना धाप. रक्तदाब १४०/९० च्या पुढं गेला असेल तर त्याच दिवशी दवाखाना. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर कोविडची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका, थुंकी क्षयासाठीही तपासा.

२०२४ मध्ये पुण्यात झिका आढळला आणि गरोदर स्त्रियांची तपासणी करावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरमध्ये कावळे मरून पडले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. पुढच्या साथीचं नाव आपल्याला ठाऊक नाही. तिच्यात कोणाला जास्त त्रास होईल, हे मात्र प्रेगकोविडच्या नोंदवहीत लिहून ठेवलेलं आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली. घरात कुणी गरोदर असेल तर येत्या ९ तारखेला तिला घेऊन जा. एचबी, रक्तदाब, लघवी, साखर तपासून घ्या. आणि कार्ड तिच्याबरोबर तिच्याच पिशवीत ठेवा, सासरच्या कपाटात नको.